हुकमी एक्क्याचा वाईट एप्रिल

१६ एप्रिल २०१९ची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या यांकी स्टेडियममध्ये बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर ख्रिस सेल पाच इनिंग टाकून थांबला, तेव्हा त्याच्या नावावर चार धावा चढलेल्या होत्या. पलीकडून यांकीजचा जेम्स पॅक्स्टन बॉस्टनच्या बॅटर्सना उभंही राहू देत नव्हता. त्याने १२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) घेतले आणि यांकीजनी सामना ८-० असा खिशात घातला. सेलचा मोसमातला हा चौथा सामना आणि चौथा पराभव.

यांकीजच्या चाहत्यांना एप्रिलमध्येच दिवाळी आल्यासारखं झालं, आणि त्याला कारण होतं. आदल्या ऑक्टोबरमध्ये याच सेलने लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सच्या मॅनी मचाडोला स्ट्राइकआउट करून वर्ल्ड सिरीजच्या विजेतेपदावर शेवटची मोहोर उठवली होती. त्या वर्षी बॉस्टनने साखळीत १०८ सामने जिंकले होते. शिवाय २०१९चा मोसम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी संघाने सेलशी पाच वर्षांचा, १४ कोटी ५० लाख डॉलरचा नवा करार केला होता. शेजारच्याने नवी गाडी घेतली आणि ती गल्लीच्या तोंडाशीच बंद पडली, तर बाल्कनीतून बघणाऱ्यांना जे वाटतं, तेच ब्राँक्समध्ये वाटत होतं.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडा हिशेब. पिचरची लायकी मोजायचं सर्वांत जुनं आणि लोकप्रिय माप म्हणजे ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या धावा. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यातून वगळतात. हा आकडा तीनच्या खाली असेल तर पिचर उत्तम, पाचच्या वर गेला तर प्रशिक्षक अस्वस्थ. सेलचा २०१८चा ईआरए होता २.११. आता सिॲटलमध्ये तीन इनिंगमध्ये ७ धावा, ओकलंडमध्ये सहा इनिंगमध्ये १, घरच्या मैदानावर टोरंटोविरुद्ध चार इनिंगमध्ये ५ आणि ब्राँक्समधल्या या ४. एकूण १८ इनिंग, १७ धावा, ईआरए ८.५०.

असा आकडा फळ्यावर लागला की प्रतिस्पर्धी संघाचे चाहते नाडीपरीक्षेला बसतात. एकाला खांद्याचा संशय येतो, कारण आदल्या उन्हाळ्यात सेल खांद्याच्या सुजेमुळे दोनदा बाहेर बसलेला असतो. दुसऱ्याच्या मते करारावर सही झाली की माणूस सैलावतो. तिसरा काटकुळ्या शरीरयष्टीकडे आणि बाजूने फेकण्याच्या विचित्र शैलीकडे बोट दाखवून हे कधीतरी होणारच होतं असं सांगतो. चौथ्याची खात्री असते की पिचर पुढचा चेंडू कुठला टाकणार हे ग्लव्हच्या हालचालीवरून आधीच उघड करतो आहे. ही शंका अगदीच हवेतली नसते. २००१च्या वर्ल्ड सिरीजमधल्या सहाव्या सामन्यात ॲरिझोनाने यांकीजना १५-२ असं धुतलं, त्यात यांकीजचा पिचर अँडी पेटिटचे चेंडू असेच वाचले गेल्याची चर्चा नंतर वर्षानुवर्षं चालली.

या सगळ्या निदानांमध्ये एक खोट असते. निदान करणाऱ्याला रोगी बरा व्हायला नको असतो.

त्यामुळे मोसमाचं गणित सोयीस्करपणे विसरलं जातं. अमेरिकेत साखळीत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि मुख्य पिचरच्या वाट्याला त्यातले ३२-३३ येतात. चार सामने म्हणजे आठवा हिस्सा. २०१९च्या एप्रिलमध्ये तर बॉस्टनचे सगळेच पिचर अडखळत होते. आदल्या वर्षी ऑक्टोबर संपेपर्यंत खेळून दमलेल्या हातांना विश्रांती मिळावी म्हणून व्यवस्थापक ॲलेक्स कोराने त्यांना वसंतातल्या सराव सामन्यांत मुद्दाम कमी वापरलं होतं. घराबाहेरच्या पहिल्या ११ सामन्यांपैकी ८ संघाने गमावले. सेलचा दोष त्या रांगेतला एक होता, फक्त सर्वांत महागडा.

एप्रिलवरून पिचरचं भविष्य सांगणाऱ्यांनी सीसी साबाथियाचं उदाहरण कपाटात जपून ठेवावं. २००७मध्ये क्लीव्हलँडसाठी १९ विजय मिळवून त्याने अमेरिकन लीगचा साय यंग पुरस्कार, म्हणजे पिचरसाठीचा सर्वोच्च सन्मान, पटकावला. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये मात्र बॉस्टनविरुद्ध दोनदा उतरून दोन्ही वेळा हरला. २००८ उजाडलं ते याहून वाईट. पहिल्या चार सामन्यांत मिळून त्याने टाकल्या १८ इनिंग (पुढे सेलच्याही तेवढ्याच भरल्या), आणि दिल्या २७ धावा. ईआरए १३.५०. डेट्रॉइटने त्याला झोडपलं, आणि गंमत म्हणजे तो डेट्रॉइट संघ स्वतः पहिले सातही सामने हरून बसलेला होता. कराराचं ते शेवटचं वर्ष. त्यामुळे दबाव, वजन, मागच्या वर्षीचे जास्तीचे चेंडू, सगळी कारणं चघळून झाली.

त्यानंतर काय झालं ते आकड्यांतच सांगावं लागेल. उरलेल्या मोसमात त्याने २३५ इनिंग टाकल्या आणि त्यांतला त्याचा ईआरए होता १.८८. जुलैमध्ये क्लीव्हलँडने त्याला मिलवॉकीला दिलं. तिथे त्याने ११ सामने जिंकले, फक्त २ हरला, आणि सात सामने एकट्याने शेवटपर्यंत टाकले. पुढच्या वर्षीचा मोठा करार डोळ्यांसमोर असताना हाताला जपायचं सोडून तो मोसमाच्या शेवटी केवळ तीन दिवसांच्या विश्रांतीवर पुन्हा पुन्हा उतरत राहिला. अखेरच्या दिवशी शिकागो कब्जविरुद्धचा सामनाही त्याने पूर्ण टाकला आणि मिलवॉकी १९८२नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये पोहोचलं.

त्या डिसेंबरमध्ये यांकीजनी त्याला सात वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलर देऊ केले आणि आता हसायची पाळी बॉस्टनची आली. २००९च्या सलामीच्या दिवशी बाल्टिमोरमध्ये नव्या गणवेशातला साबाथिया साडेचार इनिंगही टिकला नाही. सहा धावा दिल्या, पाच जणांना वॉक (फुकटचा पहिला बेस) दिला, स्ट्राइकआउट एकही नाही. बॉस्टनच्या पबमध्ये त्या रात्री त्या रकमेचा दर चेंडूमागे हिशेब मांडला गेला नसेल, तर नवल. ऑक्टोबरमध्ये हाच गडी अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा मानकरी ठरला आणि नोव्हेंबरमध्ये यांकीजनी सत्ताविसावं विजेतेपद जिंकलं. २०२५मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला.

म्हणजे एप्रिलकडे दुर्लक्षच करावं का? तसंही नाही. २०१३मध्ये फिलाडेल्फियाच्या रॉय हॅलाडेबद्दल जॉर्जियापासून न्यूयॉर्कपर्यंत जे पुटपुटलं जात होतं ते खरं निघालं. हॅलाडे म्हणजे २०१०मध्ये परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देता पूर्ण केलेला सामना) टाकणारा आणि त्याच वर्षी प्लेऑफमध्ये सिनसिनाटीला एकही हिट न देणारा पिचर. २०१३च्या पहिल्या सामन्यात अटलांटाने त्याला साडेतीन इनिंगही टाकू दिल्या नाहीत. पुढच्या सामन्यात न्यूयॉर्क मेट्सनी चार इनिंगमध्ये ७ धावा काढल्या. दोन सामन्यांअखेर ईआरए १४.७३. मग मायामीत आठ इनिंग टाकून त्याने कारकिर्दीतला दोनशेवा विजय मिळवला. चाहत्यांनी सुटकेचा श्वास सोडला, प्रतिस्पर्ध्यांनी तोंडं बंद केली. पण मेच्या सुरुवातीला त्याच मायामीने त्याच्यावर अडीच इनिंगच्या आत ९ धावा चढवल्या. खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डिसेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

या प्रकरणात एक पेच आहे. अटलांटाविरुद्धच्या त्या फसलेल्या सामन्यातही हॅलाडेने ९ स्ट्राइकआउट घेतले होते. आकडेवारीत रमणारे चाहते नेमका याच गोष्टीचा आधार घेतात. २००१मध्ये व्होरोस मॅक्क्रॅकन या अभ्यासकाने एका लेखात मांडलं की बॅटला लागून मैदानात राहिलेल्या चेंडूंचं पुढे काय होतं, यावर पिचरचा ताबा वाटतो त्यापेक्षा फारच कमी असतो. अशा चेंडूंपैकी साधारण तीस टक्के हिट ठरतात. महिनाभर हा आकडा चाळीसवर गेला तर ते बहुधा नशीब, बहुधा शॉर्टस्टॉपची ढिलाई. पिचरच्या हातात खरोखर असतात ते स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन. तेव्हा धावा विसरून हे तीन आकडे पाहावेत, असा नवा धडा घालून दिला गेला. ईआरएवर विसंबण्यापेक्षा हा धडा कितीतरी शहाणपणाचा आहे. पण हॅलाडेच्या बाबतीत त्या नऊ स्ट्राइकआउटांनीच दिशाभूल केली. चेंडूचा वेग उतरला होता, तो हवा तिथे पडत नव्हता, आणि जुन्या कसबावर काही बॅटर अजून फसत होते इतकंच.

वेग ही गोष्ट मात्र सहसा खोटं बोलत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या टिम लिन्सेकमने २००८ आणि २००९ अशी सलग दोन वर्षं साय यंग पुरस्कार जिंकला, त्यांतल्या पहिल्या वर्षी त्याचा फास्टबॉल ताशी ९४ मैलांच्या आसपास असे. २०१२च्या सुरुवातीला तो ९०वर आला होता. प्रतिस्पर्धी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या चाहत्यांना हे दिसत होतं, ते बोलतही होते आणि त्यांचं चुकलं नाही. लिन्सेकमचा मोसम १० विजय, १५ पराभव आणि ५.१८ ईआरएवर संपला. तरी त्यांच्या आनंदाला गालबोट लागलंच. ऑक्टोबरमध्ये संघाने त्याला राखीव पिचर म्हणून मधल्या इनिंगमध्ये वापरलं, तिथे तो भन्नाट चालला आणि सॅन फ्रान्सिस्कोने वर्ल्ड सिरीज जिंकली.

आज प्रत्येक मैदानावर वेग, फिरकी, चेंडू सोडतानाचा कोन, सगळं टिपलं जातं आणि काही सेकंदांत चाहत्याच्या फोनवर येतं. २०१५पासून सर्व मैदानांवर बसलेल्या स्टॅटकास्ट यंत्रणेमुळे गॅलरीतल्या माणसाला प्रशिक्षकाइतकी माहिती मिळू लागली. माहिती वाढली म्हणून हेतू बदलला नाही, इतकंच. एप्रिलमध्ये क्लीव्हलँड किंवा बॉस्टनसारख्या ठिकाणी थंडीने बोटं आखडतात, चेंडूवर पकड बसत नाही आणि बहुतेक पिचरचा वेग मेपेक्षा कमीच असतो. आपल्या पिचरच्या बाबतीत हे सर्वांना आठवतं. समोरच्याच्या बाबतीत आठवतं ते फक्त वय.

या खवचटपणाच्या तळाशी बरीचशी भीती असते. फुटकळ पिचरचा एप्रिल वाईट गेला तर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. सप्टेंबर २००४मध्ये बॉस्टनचा पेद्रो मार्टिनेझ यांकीजकडून हरल्यावर वैतागून म्हणाला की आता त्यांना आपला बापच मानावं लागेल. ऑक्टोबरमध्ये तो ब्राँक्समध्ये उतरला तेव्हा अख्खं स्टेडियम ‘तुझा बाप कोण’ असं तालात विचारत होतं. एवढे कष्ट हजारो लोक घेतात ते समोर पेद्रो असतो म्हणून. यांकीजनी ती मालिका ३-०पर्यंत आणली, मग ओळीने चार सामने हरले, आणि बॉस्टनने १९१८नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली.

सेलच्या बाबतीत दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं ठरलं. एप्रिल संपेपर्यंत त्याचे पाच पराभव झाले होते. मेमध्ये बाल्टिमोरला त्याने १४ स्ट्राइकआउट घेतले आणि लगेचच्या सामन्यात कोलोराडोविरुद्ध सात इनिंगमध्ये १७. टीकाकार गप्प बसले. ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडला त्याने कारकिर्दीतला दोन हजारावा स्ट्राइकआउट घेतला आणि त्याला लागलेल्या इनिंग इतिहासात सर्वांत कमी होत्या. याआधीचा विक्रम पेद्रोचाच. पण चार दिवसांत कोपराच्या सुजेने त्याचा मोसम आटोपला. त्याआधी यांकीजनी एका सामन्यात त्याच्याकडून ८ धावा वसूल करून घेतल्याच होत्या. २०२०च्या मार्चमध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. ज्या नवीन करारावरून एवढं हसं झालं, तो लागू होणार होता त्याच वर्षापासून.

बॉस्टनच्या चाहत्यांनी पुढची चार वर्षं जे सोसलं त्यापुढे २०१९चा एप्रिल किरकोळ वाटावा. २०२२मध्ये तर यांकी स्टेडियममध्येच ॲरन हिक्सने मारलेला चेंडू सेलच्या करंगळीवर बसला आणि हाड मोडलं. पाठोपाठ सायकलवरून पडून मनगट मोडलं. डिसेंबर २०२३मध्ये बॉस्टनने त्याला अटलांटाकडे पाठवून दिलं आणि २०२४मध्ये त्याने १८ विजय, फक्त ३ पराभव, २.३८ ईआरए आणि २२५ स्ट्राइकआउट अशी तिन्ही आघाड्यांवर नॅशनल लीगमध्ये पहिला येण्याची कामगिरी केली. तोवर कधी न मिळालेला साय यंग पुरस्कार पस्तिसाव्या वर्षी मिळाला.

आणि २०२५? अटलांटा पहिले सातही सामने हरलं. सेलचा ईआरए एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातही सहाच्या वर होता. आता नाडी बघायला न्यूयॉर्क मेट्स आणि फिलाडेल्फियाचे चाहते बसले होते, निदानं तीच होती, फक्त वयाचा मुद्दा अधिक जोरात होता. १८ जूनला मेट्स अटलांटात आले. सेलने नवव्या इनिंगपर्यंत त्यांना एकही धाव करू दिली नाही. तिथे हुआन सोटोचा जमिनीलगतचा फटका अडवायला त्याने अंग झोकून दिलं, सोटोला बाद केलं आणि स्वतःची बरगडी मोडून घेतली. ऑगस्टअखेर तो परतला आणि मोसम संपला तेव्हा त्याचा ईआरए होता २.५८.