फ्लूला न जुमानणारे उंदीर

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने देशभरातील रुग्णालये ओसंडून वाहत असताना, २३ तारखेला औषध महानियंत्रकांनी झायडस कॅडिलाच्या ‘विराफिन’ या इंजेक्शनला मध्यम स्वरूपाच्या कोविडसाठी आपत्कालीन वापराची मर्यादित मंजुरी दिली. औषध नवे नव्हते. ते होते यकृतदाहावर आधीपासून वापरले जाणारे पेजिलेटेड इंटरफेरॉन अल्फा-२बी. सातव्या दिवशी ९१.१५ टक्के रुग्णांची चाचणी नकारात्मक आली, तुलनेच्या गटात हे प्रमाण ७८.९० टक्के होते, असे कंपनीने सांगितले. पण सहाच महिन्यांपूर्वी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले होते आणि त्या चाचणीत भारतही सहभागी होता. तीत इंटरफेरॉन बीटा दिलेल्या २०५० रुग्णांपैकी २४३ दगावले. न दिलेल्या २०५० पैकी २१६.

दोन्ही रेणू एकाच कुळातले, तरी चित्र असे विसंगत का? अल्फा आणि बीटा यांत फरक आहे, मोजमापही वेगळे होते. चाचणी नकारात्मक येणे आणि प्राण वाचणे या एक गोष्टी नव्हेत. तरीही कळीचा प्रश्न उरतो तो वेळेचा, आणि त्याचे उत्तर एका स्विस विषाणुशास्त्रज्ञाच्या प्रदीर्घ कारकिर्दीत दडलेले आहे.

ज्याँ लिंडेनमान १९५६ मध्ये झुरिकहून लंडनजवळच्या मिल हिल येथील संस्थेत आले. एका विषाणूचा संसर्ग झालेल्या पेशीत दुसरा सहजासहजी शिरत नाही, हे तेव्हा ठाऊक होते; कारण ठाऊक नव्हते. लिंडेनमान आणि ॲलिक आयझॅक्स यांनी कोंबडीच्या अंड्यातील पडद्याचे तुकडे उष्णतेने निष्क्रिय केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. तुकडे काढून घेतल्यावर उरलेल्या द्रवाने ताज्या पेशींनाही संरक्षण दिले. त्या द्रवातील घटकाला त्यांनी १९५७ मध्ये ‘इंटरफेरॉन’ हे नाव दिले. संशयखोरांनी त्याची ‘इमॅजिनॉन’ म्हणून टर उडवली. आयझॅक्स १९६७ मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारले.

लिंडेनमान तोवर एका वेगळ्याच कोड्यात गुंतले होते. ए२जी जातीचे उंदीर इतर उंदरांना हमखास मारणाऱ्या फ्लूच्या विषाणूने मरत नव्हते. हे निरीक्षण त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. हा प्रतिकार एका जनुकामुळे येतो हे पुढे उलगडले. पण त्याचा इंटरफेरॉनशी संबंध जोडायला १९७९ उजाडले. ओटो हॅलर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी ए२जी उंदरांना इंटरफेरॉन निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये दिली, तेव्हा तेच उंदीर फ्लूने मरू लागले. म्हणजे इंटरफेरॉन स्वतः विषाणूला मारत नाही. तो शेजारच्या पेशींना वर्दी देतो आणि मग पेशीच आपली शस्त्रे घडवतात. हा निरोप पेशीच्या पृष्ठभागापासून केंद्रापर्यंत कसा पोहोचतो, हे १९९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जेम्स डार्नेल यांनी आणि इतर गटांनी उलगडले.

वर्दी चोर शिरण्याआधी मिळाली तरच उपयोगी. कोविडमध्ये तेच दिसले. २०२० मध्ये ज्याँ-लोरां कॅसानोव्हा यांच्या चमूला जीवघेण्या कोविडच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये सापडली. आधीच वर्दी न मिळालेल्या शरीराला दाह भडकल्यावर ती देणे उशिराचे ठरते. म्हणून ‘मध्यम’ या शब्दापेक्षा लक्षणांचा कितवा दिवस, ही अट मंजुरीत अधिक महत्त्वाची ठरली असती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९६२ ते १९७९ ही सतरा वर्षे कोणाच्या पैशावर चालतात, हा प्रश्न आता दिल्लीतही विचारायला हवा. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींचे लक्ष्य आहे. त्यातील सुमारे ३६ हजार कोटी बिगरसरकारी स्रोतांतून येतील अशी अपेक्षा आहे. २०२५ मध्ये मंजूर झालेली एक लाख कोटींची संशोधन-विकास योजना तर तंत्रज्ञान बरेच पक्व झाल्यावरच हात देते. उद्योगांना दोष देण्यात अर्थ नाही. काही उंदीर मरत का नाहीत, या कुतूहलापायी कोणत्या भागधारकाने सतरा वर्षे थांबावे? तो खर्च सरकारच्याच वाट्याचा. तेव्हा उरलेल्या १४ हजार कोटींतील निश्चित हिस्सा मूलभूत जीवशास्त्रासाठी राखून ठेवावा आणि त्यातील काही अनुदाने तरी तीन वर्षांऐवजी दहा वर्षांची असावीत.