फुकटचं ऑफिस टाकायचंय? आधी जुन्या फाईली उघडून बघा

दूध डेअरीचा दहा दिवसांचा हिशेब, शाळेची निकालपत्रकं, पतसंस्थेची कर्जयादी, ग्रामपंचायतीच्या नोटिसा. तालुक्यात कुठंही जा, हे सगळं वर्ड आणि एक्सेलमध्ये असतं. अनेक ठिकाणी मात्र ते वर्ड-एक्सेल विकत घेतलेलं नसतं. कॉम्प्युटर फॉरमॅट करायला आलेला पोरगा जाताना ‘ऑफिस पण टाकून देतो’ म्हणतो आणि क्रॅक कॉपी बसवून जातो.

ही कॉपी चालते, पण ती चालू करताना अनेकदा अँटीव्हायरस बंद करावा लागतो. व्हायरस नेमका याच वाटेनं आत येतो. एका रात्रीत सगळ्या फाईली लॉक झाल्या तर सभासदांना हिशेब कुठून दाखवणार? शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 बी नुसार, माहीत असूनही असं सॉफ्टवेअर वापरलं तर 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ज्यांनी पैसे भरून ऑफिस 2016 किंवा 2019 घेतलं, त्यांचंही अवघडच झालंय. या दोन्हींचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. सॉफ्टवेअर उघडतं, पण सुरक्षेचे नवे अपडेट येत नाहीत.

यावर फुकट आणि कायदेशीर पर्याय म्हणजे लिबरऑफिस. वर्डच्या जागी रायटर, एक्सेलच्या जागी कॅल्क, पॉवरपॉइंटच्या जागी इम्प्रेस. 2010 पासून द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते सांभाळते. की नाही, दरवर्षीचं भाडं नाही, मेनू मराठीतही घेता येतात. फुकट म्हणजे कच्चं असेल असं वाटणाऱ्यांसाठी एक उदाहरण: जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य सरकारने आपले सुमारे 30 हजार कॉम्प्युटर लिबरऑफिसवर नेण्याचा निर्णय 2024 मध्ये जाहीर केला.

नवीन काम करायला अडचण फारशी येत नाही. बेरीज, सरासरी, व्ही-लुकअप ही सूत्रं तशीच चालतात. खरी गोम जुन्या फाईलींत आहे.

पहिली गोष्ट फॉन्टची. श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरंच असतो, फक्त वरून मराठीचा मुखवटा. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की नोटिशीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो आणि लोक लिबरऑफिसला शिव्या देतात. दोष त्याचा नाही, फॉन्ट नसेल तर वर्डमध्येही तेच होणार. जुना फॉन्ट आधी जपून ठेवा, नवं टायपिंग युनिकोडमध्ये करा. मोबाईलवर आपण मराठी मेसेज लिहितो तेच युनिकोड.

दुसरी गोष्ट मॅक्रोची. बटण दाबलं की बिलं आपोआप तयार होतात, अशी एक्सेल फाईल कुणीतरी बनवून दिलेली असते. फॅट-एसएनएफचा साधा दरतक्ता कॅल्कमध्ये उघडतो, पण बटणामागचा मॅक्रो चालेलच असं नाही. अशी एक जरी फाईल असेल तर घाई नको. दोन्ही सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरवर सोबत राहू शकतात. एक पगारपत्रक किंवा एक बिलवाटप दोन्हीकडे करून बघा, आकडे पैशापर्यंत जुळले तरच पुढे जा. आणि या सगळ्याआधी फाईलींची एक प्रत पेनड्राईव्हवर काढून तो कॉम्प्युटरपासून वेगळा ठेवा.

तिसरी अडचण किरकोळ, पण रोज छळणारी. लिबरऑफिस स्वतःहून ओडीटी प्रकारात सेव्ह करतं. तालुक्याला मेल केली की समोरून फोन येतो, ‘तुमची फाईल उघडत नाही’. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथं जाऊन नेहमीसाठी वर्ड आणि एक्सेलचा प्रकार निवडा, कटकट मिटते. जी फाईल फक्त वाचायची किंवा छापायची आहे ती पीडीएफ करूनच पाठवलेली बरी. त्याचं बटण वरच्या पट्टीतच आहे.

डाऊनलोड लिबरऑफिस डॉट ओआरजी याच साइटवरून करा. फाईल मोठी असते, वायफाय असेल तर बरं. देणगीचं पान दिसलं तर घाबरू नका, ती ऐच्छिक आहे. ‘की मिळेल, इतके रुपये द्या’ म्हणणारा भेटला तर तो फसवतोय. विंडोज 7 किंवा 8 असेल तर 25.8 पासूनच्या आवृत्त्या चालत नाहीत, त्याआधीची घ्यावी लागते.

मोबाईलवर फाईल बघायची आणि थोडीफार दुरुस्त करायची असेल तर याच सॉफ्टवेअरवर बेतलेलं कोलॅबोरा ऑफिस हे ॲप प्ले स्टोअरवर फुकट आहे. दहा रकान्यांचा हिशेब मात्र कॉम्प्युटरवरच करावा, छोट्या स्क्रीनवर शून्य कुठं पडलं ते कळत नाही.