नदीच्या सरासरीवर विसंबू नका



एका साली ओढा दिवाळीपर्यंत वाहिला, म्हणून पुढच्या सालीही वाहील असे धरून चालू नका. कमी पावसाच्या मुलखात नदी किती लहरी असते, ते राजस्थानच्या वाळवंटात पाहावे.

जैसलमेरजवळची काकनी नदी समुद्राला मिळतच नाही. पाऊस झाला की वाहते आणि थोड्या अंतरावर वाळवंटातच संपते. लुणी नदी अजमेरजवळ अरवली डोंगरात उगम पावते आणि सुमारे ४९५ किलोमीटर जाऊन कच्छच्या रणात जिरते. बालोतऱ्यापर्यंत पाणी गोडे, पुढे खारे. एरवी तिचे पात्र कोरडे. पण जुलै १९७९ मध्ये तिला महापूर आला होता.

असे का होते? समजा, जमीन पहिले २० मिलिमीटर पाणी पिऊन टाकते. मग ३० मिलिमीटर पावसातले १० वाहतील, ६० मधले ४०. म्हणजे पाऊस दुप्पट, वाहते पाणी चौपट! आणि २० च पडला, तर नदीला थेंब नाही. त्यात पात्रातली कोरडी वाळूही पाणी पिते.

मग तिथले शेतकरी काय करतात? जैसलमेर भागात पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास. पालीवाल ब्राह्मणांनी तिथे शेकडो वर्षांपूर्वी 'खडीन' बांधले. खडकाळ माळावरचे पाणी सखल शेतात येते, खालच्या अंगाला मातीचा बांध आणि त्याला सांडवा. पाणी मुरले, की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात.

माण, जत, आटपाडी, सांगोला भागातल्या मंडळींनी यातून एवढे घ्यावे :

१) एका चांगल्या सालाच्या भरवशावर कर्ज काढून पंप बसवू नका. मागची दहा साले आठवा. ओढा कितीदा आटला ते मोजा.

२) शेताला बांध घाला, सांडवा ठेवा. खोल काळ्या रानात मात्र पाणी तुंबून बांध फुटतात. तिथे ढाळीचे बांध घाला.

३) रब्बीपूर्वी पहारीने ओल पाहा. ओल खोल गेली असेल तेवढ्याच रानात ज्वारी, हरभरा, करडई पेरा.

बांधाची आखणी करण्यापूर्वी तालुक्याच्या कृषी कार्यालयात सल्ला जरूर घ्या.