हापसा बंद पडण्याआधी

जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत वर्षाला साधारण अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात पाड्यांवर पाणीटंचाई असतेच. तीव्र उतारांवरून पाणी वाहून जाते. कठीण बेसॉल्टमध्ये थोडेच मुरते. अशा वेळी पाड्यावरचा एकुलता एक हापसा बंद पडला, तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चात मोजता येत नाही. हापसा सुरू होईपर्यंत बायका-मुलींना दरीतल्या झऱ्यापर्यंत करावी लागणारी पायपीटही त्यात धरली पाहिजे.

घरातला दिवा गेला की आपण बदलतो. आधीपासून काळजी घेत नाही. तिथे ते चालते. परंतु ज्या यंत्रावर सारा पाडा अवलंबून आहे, ते बंद पडेपर्यंत थांबणे महाग पडते. अडचण एवढीच, की हापशाचा झिजणारा भाग, म्हणजे दट्ट्यावरचा वॉशर, जमिनीखाली खोल असतो. मग झीज कळावी कशी?

आधी यंत्र समजून घेऊ. पूर्वीचे बिडाचे हातपंप एका कुटुंबापुरते असत. सारे गाव वापरू लागले की मोडत. त्यावर उपाय म्हणून जालना आणि सोलापूर येथे मजबूत पोलादी पंप तयार झाले. सोलापूर पंपाच्या आधारे १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क २’ घडला. मात्र त्याचा वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर काढावे लागतात. नंतरच्या ‘मार्क ३’मध्ये रुंद पाइपातून दट्ट्या तेवढाच वर काढता येतो.

आता थोडे गणित करू. ‘मार्क २’च्या नळकांड्याचा आतील व्यास ६३.५ मिलिमीटर असतो आणि दट्ट्या एका हापशाला १२५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे दर हापशाला सुमारे ०.४ लिटर पाणी वर यायला हवे. १५ लिटरची बादली ३८ ते ४० हापशांत भरली पाहिजे.

विद्यार्थ्यांना दरमहा हे हापसे मोजू द्या, मात्र दांडा प्रत्येक वेळी पूर्ण वर-खाली न्यावा. आकडा ४० वरून ४५, ५० असा चढत गेला, तर वॉशर झिजत असण्याची शक्यता आहे. अर्धा तास थांबल्यावर पाणी यायला बरेच हापसे लागले, तर तळाची झडप किंवा पाइपाचा सांधा गळत असावा. सुरुवातीच्या काही बादल्या नीट भरून मग हवा येऊ लागली, तर दोष पंपाचा नाही. विंधन विहिरीतले पाणीच कमी झाले आहे. तिथे दुरुस्ती करून उपयोग नाही.

पंप उघडण्याचे काम मेकॅनिकचेच. साखळीला ग्रीस लावणे आणि नट-बोल्ट आवळणेही त्याच्याकडून नियमित करून घ्यावे. शाळेने फक्त तारीख आणि हापशांची संख्या वहीत लिहावी. फेब्रुवारीतच आकडा वाढलेला दिसला, तर ती वही ग्रामपंचायतीला दाखवता येईल आणि एप्रिलच्या आत वॉशर बदलून घेता येईल.