सुट्या भागांचा साठा आणि वाहतूक : एकत्रित नियोजनाची गरज

प्रस्तावना :
सुट्या भागांची मागणी तुरळक व अनिश्चित असते. भाग वर्षभर कपाटात पडून राहतो. पण नेमका लागतो तेव्हा तो नसेल, तर ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा राहतो किंवा रुग्णालयातील डायलिसिस यंत्र बंद पडते. म्हणून येथे केवळ सरासरी मागणी पाहून भागत नाही.

पूर्वपीठिका :
क्रेग शेरब्रूक यांनी १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या प्रश्नावर 'मेट्रिक' हे प्रारूप मांडले. ठरावीक खर्चात विमानतळांवरील अपुरी राहिलेली मागणी किमान राहावी, यासाठी मध्यवर्ती भांडार व तळ यांच्यात साठा कसा वाटावा, हे त्यातून काढता येते. मात्र वाहतुकीचा काळ त्यात आधीच ठरलेला धरला आहे. व्यवहारात तो काळही निवडता येतो.

उदाहरण :
समजा, एका दुरुस्ती केंद्रात एका भागाची सरासरी मागणी दरमहा २ नग असून ती पॉयसन वितरणानुसार येते. रस्त्याने माल येण्यास १ महिना लागत असेल, तर त्या काळातील सरासरी मागणी २ होते. ती भागण्याची शक्यता ९८ टक्क्यांवर नेण्यासाठी वाटेतील माल धरून ५ नग लागतात. विमानाने पाव महिना लागत असेल, तर सरासरी मागणी ०.५ होते आणि तेवढ्याच खात्रीसाठी २ नग पुरतात. म्हणजे ३ नगांची बचत होते.

आता विमानाचे जादा भाडे नगामागे ६०० रुपये धरू. वर्षाच्या २४ नगांवर ते १४,४०० रुपये होईल. साठा बाळगण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या २० टक्के धरल्यास, ४०,००० रुपयांच्या भागावर ३ नगांमागे २४,००० रुपये वाचतात. २,००० रुपयांच्या भागावर केवळ १,२००. दोन्ही पर्याय सारखे ठरतात ती किंमत २४,००० रुपये. त्याहून महाग भाग विमानाने व स्वस्त भाग रस्त्याने आणणे हिताचे.

निष्कर्ष :
वाहतूक विभाग फक्त भाडे पाहील, तर सर्वच भाग रस्त्याने येतील. भांडार विभाग फक्त साठा पाहील, तर सर्वच विमानाने. आपापल्या जागी दोघेही बरोबर असतात, तरी संस्थेचा एकूण खर्च वाढतो. वाणिज्य व संख्याशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण पॉयसन तक्त्याच्या साहाय्याने सोडवून घ्यावे. मागणी, भाडे व किंमत बदलली की निर्णय कोठे पालटतो, हे विद्यार्थ्यांना स्वतःच ताडून पाहता येईल.