धक्का कोण झेलतो?

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, मलकापूर-नांदुरा भागात, पूर्णा खोऱ्यातील काळी माती पसरलेली आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. साहजिकच तिच्यावरून जाणाऱ्या रस्त्याला लाटा पडण्याचा धोका असतो. अशा रस्त्यावर गाडीने धक्के दिले नाहीत, तर आपण म्हणतो, "शॉकअप चांगले आहेत." पण विद्यार्थी मित्रांनो, धक्का झेलते ती स्प्रिंग! मग शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, करतो तरी काय?

एक सोपा प्रयोग करा. स्प्रिंगला दगड टांगून थोडा खाली ओढा व सोडा. तो बराच वेळ खालीवर होत राहील. आता तोच दगड बादलीतील पाण्यात बुडालेला ठेवून तसेच करा. दोलने लवकर थांबतील. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये हे काम तेल करते. त्याच्या नळकांड्यातील दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. त्यांतून तेल रेटले जाताना गतिज ऊर्जेची उष्णता होते. दोलने अशी शमविण्याला 'अवमंदन' म्हणतात.

शर्यतीच्या गाडीत प्रश्न आरामापेक्षा पकडीचा असतो. चाक जमिनीवरून उचलले गेले, की तेवढा वेळ ते गाडीला वळवू शकत नाही आणि थांबवूही शकत नाही. म्हणून शॉक ॲब्सॉर्बरची निवड महत्त्वाची ठरते. तो फार मऊ असला तर गाडी झुलत राहते. फार ताठ असला तर खळग्यात चाक वेळेवर उतरत नाही. निवड करताना चाकावरील भार आणि स्प्रिंगचा ताठपणा, दोन्ही पाहतात. भार तोच ठेवून स्प्रिंग चौपट ताठ केली, तर अवमंदन दुप्पट करावे लागते.

शेगावला १९८३ साली श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. अशा महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना स्वतः बांधलेल्या गाड्या पळविण्याची संधी आता मिळते. खडबडीत वाटेवरील गाड्यांची 'बाहा' स्पर्धा भारतात २००७ साली पीथमपूरला सुरू झाली. तेथे तर चाक जमिनीला धरून ठेवण्याची खरी परीक्षा असते.

आता बसविण्याचा कोन पाहू. शॉक ॲब्सॉर्बर तिरपा बसविला तर चाकाच्या हालचालीचा काही भागच त्याच्या वाट्याला येतो, आणि त्याच्या बलाचाही काही भागच उभ्या दिशेने उपयोगी पडतो. म्हणून परिणाम कोनाच्या 'कोसाइन'च्या वर्गाप्रमाणे घटतो. उभ्या रेषेशी ३० अंशाच्या कोनात तो ७५ टक्के उरतो, तर ४५ अंशाला निम्माच! शिवाय दांड्यावर आडवा ताण आल्यास तेल रोखणारे सील लवकर झिजते.

देखभाल साधी, पण नियमित हवी. दांड्यावर तेलाचा ओघळ, ओरखडा किंवा वाक दिसतो का, टोकांचे बुश सैल झाले आहेत का, हे पाहावे. तापून जुने झालेले तेल अवमंदन घटवते. पुष्कळ शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तेलाचा फेस होऊ नये म्हणून दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. ते स्वतः उघडू अगर तापवू नयेत. बदलताना एका आसाची जोडी एकदमच बदलावी.

उभ्या मोटारीचा एक कोपरा दाबून सोडून पाहा. ती एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. पुन्हा पुन्हा झुलत राहिली, तर तिचा शॉक ॲब्सॉर्बर थकला आहे असे समजावे.