आधी आकडा वाचा, मग अपग्रेड करा

सर्व्हरवर प्रत्येक नवी आवृत्ती आली की लगेच चढवायची नसते, पण तिचा आकडा वाचता आलाच पाहिजे. उबुंटूचा आकडा म्हणजे सरळ वर्ष आणि महिना : २४.०४ आली एप्रिल २०२४ मध्ये. दर दोन वर्षांनी येणाऱ्या एलटीएस आवृत्तीला ५ वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, मधल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने. चालत्या सर्व्हरवर एलटीएसच हवी.

पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा, बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. १६.३ वरून १६.४ वर जाणे ही निव्वळ दुरुस्ती. नवे पॅकेज टाका, सर्व्हिस रीस्टार्ट करा, झाले. यात चालढकल नकोच. १६ वरून १७ वर जाताना मात्र जुन्या डेटा-फाइल्स जशाच्या तशा चालत नाहीत. पीजी-अपग्रेड वापरा किंवा डम्प घेऊन नव्याने भरा. बॅकअप तर आधीच घेतलेला असावा.

रिलीज नोट्समधल्या नव्या सोयी सावकाश वाचा, पहिल्यांदा ‘मायग्रेशन’चा भाग उघडा. २०२२ मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीने नव्या डेटाबेसमधल्या ‘पब्लिक’ स्कीमात कुणालाही टेबल बनवण्याची सरसकट मुभा काढून घेतली. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण ज्यांनी तो भाग वाचला नाही, त्यांचे अॅप नव्या सर्व्हरवर पहिलेच टेबल बनवताना ‘परमिशन डिनाइड’ म्हणत थांबते. अॅपच्या युजरला त्या स्कीमावर ‘क्रिएट’चा हक्क दिला, की काम पुढे सरकते.